४,२९,४९,६७,२९५ बाइट

जुलैचा शेवटचा आठवडा. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठणार, म्हणून दापोली तालुक्यातल्या एका मच्छीमार सोसायटीत डिझेल परताव्याच्या कागदांची धावपळ, आणि नेमकी तिथल्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क गेली. बॅकअपची स्क्रिप्ट मीच लावलेली. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात ऑफिसचे पत्रे उडाले, रजिस्टरं भिजली, त्यानंतर. रोज रात्री टार सगळे फोल्डर बांधणार, जीझिप आवळणार, फाईल पेनड्राइव्हवर. निर्धास्त गेलो.

फाईलींचे आकार दाखवणारं ‘एलएस -एल’ दिलं. आकार ४,२९,४९,६७,२९५ बाइट. आदल्या रात्रीच्या फाईलचाही तोच. पोटात गोळा आला. फॅट-३२ म्हणजे पेनड्राइव्हवर फाईली मांडायची जुनी पद्धत, तिच्यात एका फाईलला याहून एक बाइटही जास्त मावत नाही. पेनड्राइव्ह दुकानातून आणला तसाच वापरला होता मी.

आधी लॅपटॉपवर प्रत घेतली, मग ‘टार -टीझेडएफ’ने नुसती यादी. शिकाऊ पोरांना हे ओरडून सांगतो, तरी ती थेट उकलायचा ‘एक्स’ देतात आणि चांगल्या फाईलींवर जुन्या चढवतात. नावं धावत राहिली आणि मध्येच ‘अनपेक्षित शेवट’ म्हणून थांबली. टारला जुनाट म्हणणाऱ्यांनी हे बघायला हवं होतं. झिपची अनुक्रमणिका फाईलच्या शेपटाला. ते तुटलं की साधं उकलणं अडतं. टारमध्ये प्रत्येक फाईलच्या डोक्यावर तिची स्वतःची ५१२ बाइटची चिठ्ठी, आणि जीझिप सुरुवातीपासून उलगडत येतं. तुटलं तिथपर्यंतचं सगळं हाती लागतं. बोटींची नोंदणी, डिझेल परतावा, दोन्ही पूर्ण निघाले.

गेलं ते ‘शेअर्स’, सभासदांच्या भागांचं फोल्डर. स्क्रिप्ट फोल्डर इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने घेते, त्यात ‘स्कॅन’ आधी. भिजलेल्या कागदांचे ते फोटो. जेपेग मुळातच आवळलेलं, जीझिप त्यातून फारसं काही काढू शकत नाही. फोटो वाढत गेले आणि शेवटचं फोल्डर काठाबाहेर पडलं. सभासदांच्या भागांचं कागदी रजिस्टर तर वादळात लगदा झालेलं.

“पण दिवा रोज लुकलुकायचा रे पेनड्राइव्हचा,” तात्या म्हणाले. ते सोसायटीचे सेक्रेटरी. दिवा लुकलुकत होता खरा. चूक झाल्याचा निरोपही रोज रात्री मशीनच्या मेलबॉक्समध्ये पडत होता. तो उघडून बघणं माझं काम होतं. फाईल शाबूत आहे का ते तपासणारी ‘जीझिप -टी’ची एक ओळ स्क्रिप्टमध्ये असती आणि निकाल स्क्रीनवर दिसला असता, तर पहिल्याच सकाळी कळलं असतं. आता ती ओळ आहे, आणि ‘स्प्लिट’ने दोन-दोन जीबीचे तुकडे पडतात.

आता रोज संध्याकाळी तात्या सभासदांकडच्या भागांच्या पावत्या वाचतात, मी यादी पुन्हा भरतो. काल एकाने बापाच्या नावाची पावती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणली. नाव शाबूत, भागांचा आकडा पाण्याने पुसलेला. किती लिहू म्हणून विचारलं. तात्यांनी पावती दिव्याखाली धरली, उलटी करून पाहिली, आणि ती रकान्यापाशी तशीच ठेवली.