पायऱ्या दाखवा

सुवर्णमहोत्सवाचं पत्र मिळालं आणि मनात पहिलं नाव आलं ते बाईंचं. आपल्या शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं की गणिताच्या बाईच, म्हणून नाव लिहीत नाही. संपादक मंडळाने 'आपल्या यशाबद्दल लिहा' असं कळवलंय. लिहितो, पण ते बाईंपासूनच सुरू होतं.

आठवीत आम्ही एक सरावसंच वापरायचो. त्यातल्या चक्रवाढ व्याजाच्या एका उदाहरणाचं मागे छापलेलं उत्तर कुणाचंच येईना. बाईंनी ते फळ्यावर सोडवलं, पुसलं, मग आमच्यातल्या एकीला सोडवायला लावलं. दोन्ही उत्तरं एकच. पुस्तकच चुकलंय म्हणून आम्ही बाकं बडवायला लागलो, तर म्हणाल्या, "ओरडून काय होणार? पोस्टकार्ड आणा." शिपाईमामा ऑफिसातून कार्ड घेऊन आले. माझं अक्षर बारीक, म्हणून लिहायला मी. पान क्रमांक, उदाहरण क्रमांक, छापलेलं उत्तर, आमचं उत्तर आणि मध्ये सगळ्या पायऱ्या. "नुसतं 'चुकलंय' लिहू नकोस. वाचणाऱ्याला स्वतः पडताळता आलं पाहिजे. आणि खाली 'लोभ असावा' लिही, ते काही आपले शत्रू नाहीत." पुढच्या आवृत्तीत उत्तर बदललेलं होतं. बाईंनी ते पान अख्ख्या वर्गात फिरवलं.

पायथॉन ही संगणकाला सूचना देण्याची एक भाषा. पायकॉन इंडिया ही पायथॉनवाल्यांची परिषद 2009 मध्ये बंगळुरूला सुरू झाली आणि 2011 मध्ये पुण्यात भरली. मी तेव्हा इंजिनीअरिंगला होतो. स्वयंसेवक म्हणून नोंदणीच्या टेबलावर बसलो आणि पायथॉन घडवणाऱ्यांपैकी एक, रेमंड हेटिंजर, यांचं भाषण दाराशी उभं राहून ऐकलं. ज्यांचा कोड आपण रोज वापरतो, ते इतकं सोपं बोलतात! त्या भारावलेपणातच एका लायब्ररीतला, म्हणजे सगळ्यांनी वापरायच्या तयार कोडच्या संचातला, बग (चूक) मी पहिल्यांदा कळवला. कसा लिहायचा हे कुणाला विचारावं लागलं नाही. आवृत्ती कोणती, काय टाइप केलं, काय यायला हवं होतं, काय आलं. पोस्टकार्डच ते.

पुढे खुद्द पायथॉनमध्ये माझ्या दुरुस्त्या गेल्या. पायथॉनच्या मूळ कोडसोबत 'अ‍ॅक्स' नावाची एक साधी फाइल असते, तिच्यात हातभार लावणाऱ्यांची नावं आडनावांच्या क्रमाने असतात. त्यात आपल्या गावचं एक आडनाव आहे, हे या स्मरणिकेत नोंदवताना मला फार अभिमान वाटतो. नंतर पायथॉनचा कारभार पाहणाऱ्या पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने मला फेलो, म्हणजे सन्माननीय सदस्य केलं. माझं नाव सुचवणाऱ्याने कारण दिलं होतं, की ह्याने बग कळवला की निम्मी दुरुस्ती तिथेच झालेली असते. हे श्रेय कुणाचं, ते आठवीच्या त्या वर्गाला ठाऊक आहे.

2024 मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या पायकॉनला गेलो. तिथे वक्तेसुद्धा तिकीट काढून येतात, ही पद्धत मला मनापासून आवडली. तिथे पाच मिनिटांचं छोटं भाषण केलं. माईक हातात आल्यावर आधी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. परिपाठाला बाई सगळ्यांच्या मागे उभ्या राहायच्या आणि आवाज पोचला नाही की नुसता हात वर करायच्या. तो हात मला आजही प्रत्येक सभागृहात दिसतो.

मध्यंतरी शाळेत येऊन गेलो. संगणक कक्ष देखणा झालाय. पण आता सराव परीक्षांत पर्यायाचा गोल काळा केला की संपलं. उजव्या समासातलं कच्चं काम कुणी तपासत नाही, याचं फार वाईट वाटलं. दिवाळीच्या सुट्टीत मी गावी असतो. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर मुलांना रोज सकाळी पायथॉन शिकवीन, कागदावर कच्चं काम करायला लावूनच.

आणि एक विनंती. महोत्सवाचा मुख्य कार्यक्रम वरच्या सभागृहात न ठेवता पटांगणात ठेवावा. बाईंना आता जिना चढवत नाही. त्यांना आणायला आणि सोडायला मी गाडी घेऊन येतो.