नव्यानं आलेल्यांसाठी

आज कॅम्पस रेडिओवर बेळगावात शिकायला आलेल्या पोरांसाठी कार्यक्रम रेकॉर्ड केला. चंदगड, गडहिंग्लजकडची पोरं. पहिला प्रश्न बसचा: पाट्या कन्नडमध्ये, कळायचं कसं? म्हटलं, सीबीटीवर, म्हणजे मुख्य बसस्थानकावर, कंडक्टरला बिनधास्त मराठीत विचारा. पण भाव करण्यापुरतं कन्नड लवकर शिका, खडेबाजारात लागतंच. आणि जुलैत छत्रीच्या भरवशावर राहू नका, रेनकोट घ्या.

एका मुलीनं भाकरी कुठं मिळते विचारलं. रेकॉर्डिंगच्या मशीनवर बसलेल्या अक्का काचेपलीकडून उठून आत आल्या आणि टिळकवाडीतल्या खानावळीचा रस्ता वळणावळणासकट सांगितला, अर्धा कन्नडात, अर्धा मराठीत. आमच्यासारखा कम्युनिटी रेडिओ जेमतेम १०-१५ किलोमीटर ऐकू येतो. त्यात हेच सांगायला हवं. तो भाग अजिबात कापणार नाही. उद्या संध्याकाळी लागेल, नक्की ऐका.