निव्वळ वजन आणि चार बांगड्या

मंडळी, कंपासच्या गोलांवर बेतलेला देवनागरी फॉन्ट बनवतोय. मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की 'व'चा गोल एकदा बसला की ब, क, ळ आपसूक निघतील. नाही निघत.

सांगलीत राहून फॉन्टची पहिली चाचणी हळदीच्या पाकिटावर नाही करायची तर कशावर? मित्राच्या वडिलांच्या दुकानासाठी 'निव्वळ वजन ५०० ग्रॅम' जुळवलं. काकांनी चष्मा कपाळावर सारला, कागद डोळ्यांशी नेला आणि म्हणाले, "बांगड्या मांडल्यास व्हय रं?" खरंच होतं. अर्ध्या 'व'चा गोल, त्याला खेटून पुऱ्या 'व'चा, लगेच 'ळ'चे दोन. चारही कंपासने काढलेले, एका मापाचे. शब्द वाचायच्या आधी गोलच मोजले जात होते. आता अर्धा 'व' अरुंद केलाय आणि 'ळ'चा डावा गोल उजव्यापेक्षा किंचित लहान. हे कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि तेच हवंय.

जाडीचंही तसंच. अक्षराच्या १००० युनिटांच्या चौकटीत सगळ्या रेषा ८४ युनिट जाड ठेवल्या होत्या. पण आडवी रेषा डोळ्याला उभीपेक्षा जाड दिसते, त्यामुळे शिरोरेषा अक्षरांच्या डोक्यावर तुळईसारखी बसली. ती ७६ वर आणली. गोल जिथे कान्याला मिळतो तिथे काळा डाग पडायचा, तिथे रेषा ५८ पर्यंत निमुळती केली. पॉल रेनरचा १९२७ चा फ्युचुरा हा रोमन फॉन्ट मोठा करून बघा: निव्वळ भूमितीचा म्हणून नावाजलेला, पण गोल दांडीला मिळतो तिथे त्यानेही रेष बारीक केलीय. इंडियन टाइप फाउंड्रीच्या पॉपिन्स या फॉन्टमध्येही सांध्यांवर अशाच दुरुस्त्या आहेत. म्हणजे कंपास सुरुवातीपुरता, पुढे डोळा.

मराठी वळणाचे ल आणि श झाले. 'किनाऱ्यावर'मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र पण आता रफार न होता नीट बसतो. त्यात दोन रात्री गेल्या, सांगण्यासारखं काही नाही.

आकड्यांसाठी '४० फूट इशारा, ४५ फूट धोका' छापून भिंतीवर लावलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे हे पूरपातळीचे आकडे इथं शेंबड्या पोरालाही पाठ, म्हणून चाचणी फसवी ठरली: मी वाचत नव्हतो, आठवत होतो. उलटसुलट आकडे लावल्यावर दहा पावलांवरून ४ची वरची फट मिटलेली दिसली. ती उघडलीय. शून्य मात्र पूर्ण गोल ठेवला तर वाक्यातून भोकासारखा दिसतो, म्हणून उभट केला.

राहिला 'ह'. त्यात ना धड गोल, ना सरळ कान्याचा आधार, आणि 'हळद' लिहायची तर सुरुवातच त्याने. एकोणिसावी आवृत्ती चालू आहे. काकांच्या दुकानावरून जायचं सध्या टाळतोय.