संभाव्यतेची गणितं आणि निवडीचा हिशोब: माझा अनुभव

दहावीच्या संभाव्यतेत नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निकालांची यादी, सरळ लिहून काढता यायचा. दोन फासे टाकले तरी ३६ जोड्याच. अकरावीत ५२ पत्त्यांतून ३ पत्ते काढायचे आले आणि लिहून काढणं संपलं, कारण अशा निवडी २२,१०० होतात.

कॉम्बिनेशनचं, म्हणजे क्रम न धरता निवडी मोजण्याचं, सूत्र पाठ होतं. पण त्यात भागाकार का, हे मला समजलं ते भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तल्या सहा रसांच्या गणितामुळे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. यांतले दोन घेऊन किती चवी होतील? पहिला रस ६ प्रकारे, दुसरा ५ प्रकारे, म्हणजे ३०. पण आंबट-गोड आणि गोड-आंबट एकच, म्हणून २ ने भागायचं: १५. तीन रस घेतले तर तेच त्रिकूट ६ वेळा मोजलं जातं, म्हणून १२० भागिले ६, म्हणजे २०. एका रसापासून सहाही रसांपर्यंत सगळं मिळून ६३. हे गणित ११५० च्या सुमाराचं आहे, आणि अजूनही मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

मग पिशवीतल्या चेंडूंची गणितं हातात बसू लागली. ५ लाल, ३ काळे. दोन एकदम काढले तर दोन्ही लाल असण्याची संभाव्यता किती? ८ मधून २ निवडायचे २८ प्रकार, ५ लालमधून २ निवडायचे १०. उत्तर १०/२८, म्हणजे ५/१४. लाल चेंडू दिसायला सारखे असले तरी प्रत्येक वेगळाच धरायचा. तसं केलं तरच २८च्या २८ निवडी समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, राहतात. क्रम धरून मोजलं तरी २०/५६ येतं, उत्तर तेच. अंशात क्रम धरायचा आणि छेदात सोडायचा, एवढं मात्र चालत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी ‘किमान एक लाल’ या प्रकारावर घालवला, आणि तो घालवण्यासारखाच आहे. एक लाल ५ प्रकारे निवडला, उरलेल्या ७ मधून कोणताही एक घेतला, झाले ३५. एकूण निवडीच २८, मग ३५ कुठून आले? दोन्ही लाल असलेल्या १० जोड्या दोनदा मोजल्या गेल्या. एका लालच्या १५ आणि दोन लालच्या १०, मिळून २५. पूरक घटनेने, म्हणजे उलट शक्यता १ मधून वजा करून, तर एका ओळीत होतं: एकही लाल नाही अशा ३ जोड्या, म्हणून १ − ३/२८ = २५/२८. मी दोन्ही वाटांनी सोडवायची सवय लावली, कारण उत्तरं जुळली की मोजणीत काही सुटलं नाही याची खात्री पटते.

बारावीत द्विपद वितरण, म्हणजे तीच कृती ठरावीक वेळा केली तर एखादी गोष्ट किती वेळा घडेल याची संभाव्यता, आलं तेव्हा ही मेहनत कामाला आली. नाणं पाच वेळा उडवून नेमके दोन छापे: इथे पिशवी नाही, चेंडू नाहीत, तरी ५ मधून २ निवडायचेच आहेत. छापा कोणत्या दोन फेकींना पडला, ही ती निवड. ती १० प्रकारे होते, एकूण शक्यता ३२, म्हणून ५/१६.