फूलसुद्धा घ्यायचं नाही

कोरियात शाळेतल्या मुलाने आपल्या बाईंना कॉफीचा एक कॅन आणून दिला आणि बाईंनी तो घेतला, तर ते कायद्यात बसत नाही. पेन नाही, बिस्किटाचा पुडा नाही. शिक्षकदिनाला, म्हणजे १५ मेला, एकट्या मुलाने घरून आणलेलं कार्नेशनचं फूलसुद्धा नाही. विद्यार्थी प्रतिनिधीने सगळ्यांच्या देखत, सगळ्यांच्या वतीने दिलं तर चालतं. हाताने लिहिलेलं पत्र चालतं. बाकी काही नाही.

मी इथल्या एका प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवते. नियम मला रुजू होतानाच सांगितला होता. पण कागदावरचा नियम वेगळा आणि चौथीतली पोरगी समोर उभी राहिल्यावरचा नियम वेगळा. ११ नोव्हेंबरला इथे ‘पेपेरो डे’ असतो. पेपेरो म्हणजे चॉकलेटमध्ये बुडवलेल्या बिस्किटाच्या काड्या; तारखेतले चार एक त्या काड्यांसारखे दिसतात म्हणून हा सण. कंपनीची चांदी आणि पोरांची मजा. त्या दिवशी एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली. दोन्ही हातांत लाल खोका, त्यावर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली, चिठ्ठीवर माझं चित्र: टिकली, वेणी आणि प्रमाणाबाहेर मोठे कान. मी काही बोलायच्या आत माझ्या जोडीच्या शिक्षिका बाकांमधून आल्या, तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या, हळू आवाजात काहीतरी सांगितलं. मग नखाने ती चिठ्ठी अलगद सोडवून माझ्या हातात दिली आणि खोका मुलीच्या हातात परत. मुलीने मान हलवली, जागेवर गेली आणि दोन मिनिटांत मैत्रिणींबरोबर खोका फस्त केला. तिला काहीच वाटलं नाही. मला मात्र दिवसभर वाटत राहिलं.

पुढचं सांगण्याआधी एक खुलासा, कारण गावाकडून नेहमी हाच प्रश्न येतो: तुला तिथे इंग्रजी शिकवायला घेतलं कसं? परदेशी इंग्रजी शिक्षकाच्या व्हिसासाठी एरवी सात देशांपैकी एकाचा पासपोर्ट लागतो: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. आपल्यासाठी एक खिडकी उघडली ती भारत-कोरिया व्यापार कराराने, ज्याला सेपा म्हणतात आणि जो १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्यात भारतीयांना शाळेत इंग्रजीचे ‘सहायक’ शिक्षक म्हणून येता येतं, पण पदवीबरोबर शिक्षकाचं प्रमाणपत्रही हवं. त्या सात देशांतल्या मुलाला इतिहासाची पदवी असली तरी पुरते, बी.एड. कुणी मागत नाही. मागाहून आलेल्याकडे जास्त कागद मागायची रीत सगळीकडे सारखीच. नवऱ्याच्या पोस्टडॉकमागे मी जॉन्जूला आले, बी.एड. आणि तासगावच्या हायस्कुलातली नोकरी गाठीशी होती, म्हणून हे जमलं. पुस्तकाबरोबर येणाऱ्या ऑडिओतला आवाज अमेरिकन असतो आणि मुलं सुरुवातीला माझ्याकडे, मग स्पीकरकडे, मग परत माझ्याकडे बघतात. आठवडाभर बघतात. मग विसरतात. चाळीस मिनिटांचा तास असतो, त्यात असले विचार करायला वेळ कुणाला?

तर मुद्दा त्या खोक्याचा.

मला राग आला तो असा. चौथीच्या वर्गात लाच कशाची द्यायची? इथे प्राथमिक शाळेत आपल्यासारखे टक्के आणि नंबर नसतात. वर्षाअखेरीला मुलाबद्दल चार ओळी लिहितात. त्याही मी लिहीत नाही, सहायकाला तो अधिकार नाही. ज्या देशात आईबाप खासगी क्लासांवर पैशाची रास ओततात, क्लासवाल्यांनी रात्री दहाला शटर ओढावं म्हणून सोलमध्ये नियम करावा लागतो, तिथे शाळेतल्या बाईने काडीभर बिस्कीट घेतलं की भ्रष्टाचार!

आणि मला आठवत होतं तासगाव. फेब्रुवारीत द्राक्षांचा हंगाम आला की पोरं पिशवीतून घड आणायची. ‘बाई, आमच्या बागेतलं आहे’ एवढंच म्हणायची. कुणी बेदाणे कागदात बांधून आणायचं, कुणी हुरडा, कुणाची आई गौरीच्या फराळातल्या करंज्या पाठवायची. संक्रांतीला तर पोरं रांग लावून तिळगूळ हातावर ठेवत आणि पाया पडत. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे इथल्या कायद्यात बसवून दाखवा! देणारा विद्यार्थी, घेणारी शिक्षिका आणि वर गोड बोलण्याची अट. खटलाच उभा राहील.

हे सगळं मी शिक्षकांच्या खोलीत माझ्या जोडीदारीणबाईंना ऐकवलं. त्यांनी हसून कॉफी ढवळली आणि त्यांच्या शाळेतली गोष्ट सांगितली.

त्या ऐंशीच्या दशकाच्या शेवटी प्राथमिक शाळेत शिकत होत्या. तेव्हा आया शिक्षकांना पाकीट देत. चोरून वगैरे नाही, रीतसर. वर्षाच्या सुरुवातीला, शिक्षकदिनाला, सहलीच्या वेळी. पाकीट आलं की मूल पुढच्या बाकावर, गॅदरिंगमध्ये भूमिका, नाही आलं तर साध्या चुकीलाही छडी. त्यांची आई बाजारात सुकी मासळी विकायची. तिने एकदा पाकीट केलं आणि लेकीच्याच हातून पाठवलं. ‘पाकीट दिल्यावर दुसऱ्या दिवशी बाई मला नावाने हाक मारू लागल्या. तोवर त्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं,’ त्या म्हणाल्या. आवाजात कडवटपणा नव्हता, त्यामुळे मला जास्तच अवघडल्यासारखं झालं.

या पाकिटांचा त्रास इतका होता की ‘शिक्षकदिन’ हा पालकांच्या पोटात गोळा आणणारा दिवस होऊन बसला. काही शाळा तर कटकट नको म्हणून १५ मेला सुट्टीच देऊन टाकायच्या. आणि तारीख कसली, तर ज्या राजाने सामान्यांना वाचता यावं म्हणून लिपी घडवून घेतली त्या सेजोंगची जयंती! मग आला तो कायदा, ज्याला सगळे ‘किम यंग-रान कायदा’ म्हणतात. किम यंग-रान या कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश. पुढे भ्रष्टाचारविरोधी आयोगाच्या प्रमुख असताना २०१२ मध्ये त्यांनी हा मसुदा मांडला. खासदारांनी तो नेहमीप्रमाणे बाजूला ठेवला. एप्रिल २०१४ मध्ये सेवोल बोट बुडाली, तीनशेवर माणसं गेली, त्यात बहुतेक एकाच शाळेची सहलीला निघालेली मुलं. अधिकारी आणि कंपन्या यांचे लागेबांधे चव्हाट्यावर आले, तेव्हा कुठे कायद्याला जोर आला. २०१५ मध्ये मंजूर झाला, २८ सप्टेंबर २०१६ पासून लागू. सरकारी नोकर, शिक्षक, पत्रकार, सगळे त्यात. इतरांना जेवणाची नि भेटवस्तूची मर्यादा ठरवून दिली आहे. ज्या मुलाला आपण शिकवतो त्याच्या बाबतीत मर्यादा शून्य. शून्य का, तर एकदा बिस्कीट चालतं म्हटलं की केक येतो आणि केकच्या खोक्यात तळाशी पाकीट येतं. हे त्यांनी भोगलेलं आहे.

मला पटलं का? कायदा पटला. पण मी लगेच गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, आमच्याकडे कुणी बाईंना पाकीट दिलं नाही. (अर्थात देण्याजोगं कुणाकडे होतं? संस्थेला डोनेशन देतात ते वेगळं, ते शिक्षकाला मिळत नाही. नोकरीसाठी उलट शिक्षकालाच द्यावं लागतं. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. घरची धुणी परक्या नळावर कशाला?) आमच्या शिक्षकाला मतदार याद्या, जनगणना, खिचडीचा हिशेब असलं सतराशे साठ काम असतं, त्यात पोराने दिलेला द्राक्षाचा घड हीच काय ती कमाई.

त्यांनी शांतपणे एकच विचारलं, ‘तो तिळगूळ वर्गातली सगळी मुलं आणतात?’

सगळी नाही आणत. ज्याच्या घरी सुतक असेल, ज्याची आई ऊसतोडीला गेली असेल, ते पोर त्या दिवशी मागच्या मागे सटकतं किंवा येतच नाही. पण आम्ही बायकाच डबा भरून नेत होतो की, सगळ्यांना पुरेल इतका! आधी आमच्याकडून, मग त्यांच्याकडून. हे मी त्यांना जरा चढ्या आवाजात सांगितलं. त्यांनी ‘छान आहे’ म्हणून मान हलवली आणि तपासायच्या वह्या पुढे ओढल्या.

माझा एक लाडका सिद्धांत आहे, त्यांना तो बिलकुल मान्य नाही, तरी लिहिते. पाकीट बंद झालं ते उत्तम, पण त्याबरोबर पालक आणि शिक्षक यांच्यातला ओलावाही आटला आणि तिथे तक्रार येऊन बसली. २०२३ च्या जुलैमध्ये सोलमधल्या एका तरुण प्राथमिक शिक्षिकेने शाळेतच जीव दिला. त्यानंतर कित्येक शनिवार हजारो शिक्षक काळे कपडे घालून रस्त्यावर बसले. पालकांच्या छळापासून संरक्षण द्या एवढीच मागणी. सप्टेंबरात कायदे बदलले. त्याबद्दल शिक्षकांच्या खोलीत कुणी सहज बोलत नाही. पालकांना आपला मोबाइल नंबर द्यायचा नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात तीन जणांनी वेगवेगळं बजावलं होतं. तासगावात माझा नंबर किराणावाल्याकडेही असे. रात्री नऊला फोन येई, ‘बाई, बाळ्या जेवत नाही, तुम्ही जरा सांगा.’ वैताग यायचा. पण कुणी वकील घेऊन यायचं नाही.

जेवणाबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही, उलट कौतुकच. स्टीलचं खणांचं ताट, भात, सूप, दोन-तीन भाज्या, किमची. मुख्याध्यापक पण त्याच रांगेत. मुलांना फुकट, आमचे पैसे पगारातून कापतात. या फुकट जेवणावरून २०११ मध्ये सोलच्या महापौरांनी सरसकट सगळ्यांना नको म्हणत सार्वमत घेतलं, लोक मतदानालाच पुरेसे आले नाहीत आणि महापौरांना खुर्ची सोडावी लागली. महिन्याचा मेन्यू आधी येतो आणि प्रत्येक पदार्थापुढे ॲलर्जीचे आकडे: १ अंडं, २ दूध, ४ शेंगदाणा, ९ कोळंबी, १० डुकराचं मांस, १५ चिकन, १६ बीफ, असे १९ पर्यंत. मला कोरियन नीट वाचता येण्याआधी हे आकडे पाठ झाले. माळ घातलेल्या घरातल्या पोरीला परदेशात तारून नेलं ते या आकड्यांनी. किमचीपुढे नऊचा आकडा बघून मी पहिल्यांदा हबकले; कोबीच्या लोणच्यात वाळवलेली कोळंबी असेल असं कुणाच्या मनात येईल? शिक्षिकेच्या चिकाटीने आहाराच्या बाईंना एवढंच विचारते, ‘आज नऊ आहे का?’ त्याही आता मी दारात दिसले की लांबूनच बोटं दाखवतात.

आणि एक गोष्ट गावी सांगताना माझी कॉलर ताठ होते. नोव्हेंबरात बारावीची मोठी परीक्षा असते, सुनुंग. त्यात इंग्रजीच्या श्रवण चाचणीच्या वेळी सुमारे पस्तीस मिनिटं देशभर विमानं चढत-उतरत नाहीत, आवाज होऊ नये म्हणून. माझ्या विषयासाठी! आपल्याकडे बारावीच्या इंग्रजीच्या पेपरला फार तर भरारी पथक येतं.

आता जानेवारी तोंडावर आहे. शाळेला सुट्टी, पण परदेशी शिक्षकांच्या गळ्यात हिवाळी इंग्रजी शिबिर असतं आणि यंदा संक्रांत नेमकी शिबिराच्या आठवड्यात येते. मी जोडीदारीणबाईंना विचारून घेतलं: मुलांनी मला द्यायचं नाही, पण मी मुलांना दिलं तर? त्या म्हणाल्या, त्याला हरकत नाही, फक्त आत काय आहे ते आधी पालकांना कळवायचं. तीळ त्या एकोणीस आकड्यांत नाहीत, मी तपासलं. शेंगदाण्याचं कूट घातलं तर मात्र चार लिहावं लागेल. म्हणून यंदाचे लाडू नुसत्या तिळाचे. चिक्कीचा गूळ इथे मिळत नाही, नवऱ्याच्या प्रयोगशाळेतला एक मुलगा सुट्टीहून परत येतोय, त्याला दोन किलो सांगितलाय.