तुम्ही विचारलेत म्हणून

"तुम्ही स्वतः बाई, एका मुलीची आई, आणि वर्गात त्या अमेरिकन चित्रकार रॉबर्ट विल्यम्सची बायकांना उघडेवाघडे दाखवणारी चित्रे दाखवता, हे तुमच्या मनाला पटते तरी कसे?" हा प्रश्न मला लॉस एंजेलिसमधल्या गणेशोत्सवात विचारला गेला आहे, कोल्हापूरला माहेरी जेवताना विचारला गेला आहे, आणि मी जिथे रेखाटन शिकवते तिथल्या सहकाऱ्यांकडून तर जवळजवळ प्रत्येक सत्रात. आजवर मी समोरच्याला काय पचेल ते पाहून उत्तर देत आले. आता एकदा सगळे लिहून काढते.

माझे वडील पेंटर होते. ट्रकच्या फळीवर आणि दुकानांच्या पाट्यांवर अक्षरे काढणे हा त्यांचा धंदा होता, आणि खारीच्या केसांचा लांब ब्रश इनॅमलमध्ये बुडवून ते हातभर रेघ एका श्वासात ओढत. पुढे मी कलाशाळेत गेले तेव्हा माझे काम पाहून एक शिक्षक म्हणाले, "हे पेंटरकाम झालं, चित्र नाही झालं." तो शब्द मी घरी कधी सांगितला नाही. त्यामुळे लॉस एंजेलिसच्या शुइनार्ड कलाशाळेत, अमूर्त चित्रकलेचा बोलबाला असताना, विल्यम्सलाही 'इलस्ट्रेटर' म्हणून हिणवले गेले होते, हे वाचले त्या दिवसापासून तो माझा झाला. 1965 मध्ये तो लॉस एंजेलिसजवळच्या मेवुडला, हौशी मोटारी घडवणाऱ्या एड रॉथच्या कारखान्यात कामाला लागला. जुन्या फोर्ड गाड्या कापून, बुटक्या करून, आगीच्या ज्वाळा रंगवून पळवणाऱ्या पोरांसाठी तिथे टी-शर्टवर राक्षस छापले जात, आणि विल्यम्स त्यांच्या जाहिराती काढी. लोक ज्याला थिल्लर म्हणतात त्या जागी तो रंगाची शिस्त पाळत होता, आणि तीच शिस्त पुढे त्याच्या तैलचित्रांत उतरली.

ही शिस्त कसली, ते मी वर्गात स्टीलच्या वाटीवरून दाखवते. क्रोमला, म्हणजे आरशासारख्या चकचकीत धातूला, स्वतःचा रंग नसतो. वर गडद निळे आकाश, ते खाली येता येता जवळजवळ पांढरे होते, मग क्षितिजाची काळी धारदार कड, आणि तिच्याखाली काठाकडे उजळत जाणारी तपकिरी जमीन. एवढे नेमके साधले की कागदावर धातू उभा राहतो. माहेरून आणलेल्या सहा वाट्या मी टेबलावर ठेवते आणि विद्यार्थ्यांना तासभर त्यांत पाहायला लावते. ज्याने ही गोष्ट हजार वेळा केली त्याला 'हलका' म्हणणाऱ्यांनी आधी एक वाटी काढून दाखवावी, असे मी पूर्वी तावातावाने म्हणत असे, आणि ते आजही मला खरे वाटते.

पण तुमचा प्रश्न वाटीचा नाही, बाईचा आहे.

गन्स अँड रोझेस या अमेरिकन रॉक बँडच्या 1987 च्या ध्वनिमुद्रिकेवर विल्यम्सचे जे चित्र छापले होते, आणि दुकानदार ठेवीनात म्हणून जे आतल्या पानावर हलवले गेले, ते मी काही वर्षांपूर्वी वर्गात पडद्यावर लावले. कुंपणापाशी कपडे ओढले गेलेली एक बाई पडली आहे, समोर यंत्रमानव उभा आहे, आणि त्याच्यावर वरून एक तांबडा राक्षस झेपावतो आहे. मी धातूवरची चमक समजावून सांगत होते. मग नेहमीचे वाक्य म्हटले, की अत्याचार करणाऱ्याला शासन करायला कोणीतरी येते आहे, म्हणजे चित्र तिच्याच बाजूचे आहे. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला आणि अगदी शांतपणे विचारले, "त्याला शिक्षा होणार, ते दिसलं. पण तिचं पुढे काय होतं, ते या चित्रात कुठे आहे?"

मी म्हणाले, "तो या चित्राचा विषय नाही."

तिने वही मिटली. तास संपेपर्यंत ती बसून राहिली, जाताना आभारही मानले, आणि त्या आठवड्यात यादीतून तिचे नाव गेले. तिने का सोडले हे मला कोणी सांगितले नाही, आणि मी विचारण्याचे धाडस केले नाही. तिचे वाटीचे रेखाटन गठ्ठ्यात राहिले होते. वाटीच्या पोटात खिडकी होती, आणि खिडकीच्या खाली तिचा स्वतःचा चेहरा, नखाएवढा, दोन्ही बाजूंनी ताणलेला. इतकी बारीक नजर असलेल्या मुलीला मी पाहू नकोस असे सांगितले होते.

त्यानंतर मी स्वतःशी पुष्कळ भांडले. कसब पाहावे, विषय सोडून द्यावा, ही पळवाट मला घेता येत नाही, कारण वडिलांच्या हाताला मन नाही असे मानणाऱ्यांवरच मी आयुष्यभर चिडत आले. हात आणि विचार एकच असतील, तर ती बाई ज्या निगुतीने रंगवली आहे तोही विचारच आहे. विल्यम्सची पत्नी सुझॅन स्वतः चित्रकार आहे, हेही मी पूर्वी पुढे करत असे. तो युक्तिवाद नव्हे, आडोसा होता. त्याहून वाईट गोष्ट अशी, की विल्यम्सचेही काम असलेल्या 'झॅप' या बंडखोर चित्रकथा-मालिकेच्या 1969 च्या चौथ्या अंकाबद्दल, जो विकल्याबद्दल न्यूयॉर्कमध्ये पुस्तकविक्रेत्यांवर अश्लीलतेचा खटला चालला, मी वर्गात भरभरून बोलत असे. पण त्या पुरुषांच्या चित्रकथांतला बायकांचा तिरस्कार उघड बोलून दाखवणाऱ्या ट्रिना रॉबिन्सने 1970 मध्येच बायकांनी काढलेला अंक आणला होता, तो माझ्या कपाटात असूनही मी दाखवला नव्हता. वेळ नव्हता, असे मी म्हणत असे. वेळ होता.

आता तो अंक आधी येतो. त्यामुळे सगळे ठीक झाले असे समजू नका. विल्यम्स 1979 मध्ये आपल्या पुस्तकाच्या नावातच स्वतःच्या कलेला 'लोब्रो', म्हणजे हलक्या अभिरुचीची, म्हणवून घेतो आणि 1994 मध्ये 'जक्स्टापोझ' हे कलेचे मासिक काढून माझ्या वडिलांसारख्या कितीकांच्या कामाला जागा करून देतो, तेव्हा माझा ऊर भरून येतो. आणि त्याच माणसाच्या चित्रासमोर त्या मुलीला द्यायला माझ्याकडे अजून उत्तर नाही. या दोन्ही गोष्टी मी मुलांना सांगते. काहींना ते पुरते, काहींना मुळीच पुरत नाही, आणि न पुरणाऱ्यांची चूक आहे असे मला म्हणता येत नाही.

यंदाच्या सत्रात ती स्लाइड नवव्या आठवड्यात येते. मी ती लावणार आहे, आणि पहिली दहा मिनिटे मी काही बोलणार नाही.