कसाऱ्यापर्यंत

आमच्या चर्चच्या मंडळीच्या हॉलमध्ये बासष्ट प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. गेली आठ वर्षं दर रविवारी संध्याकाळी मी त्या एकात एक घालून भिंतीला लावतो. मंडळीच्या तरुण संघात तुम्ही नक्की करता काय, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर हेच.

सुरुवात अशी नव्हती. मी रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर, राहायला विक्रोळीला. आधीच्या संचालकांची बदली झाली आणि पाळकसाहेबांनी उपासनेनंतर माझा हात धरला, "आता पोरं तुम्ही बघा." मी लगेच वही घातली. पाचला प्रार्थना, पाच-दहाला गीत, सव्वापाचला शास्त्रपाठ, साडेपाचला चर्चा. माझे आजोबा नगरकडचे, जुने एन्डेव्हरवाले, म्हणजे ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ या ख्रिस्ती तरुणांच्या चळवळीतले. ती चळवळ १८८१ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात सुरू झाली आणि मिशनऱ्यांबरोबर आपल्याकडे आली. सभेत प्रत्येकाने काही ना काही भाग घ्यायचाच, अशी त्यांची प्रतिज्ञा असायची. निदान एक वचन तरी म्हणायचं. आजोबा ते कौतुकाने सांगायचे, त्यामुळे पोरांना बोलतं करायचं म्हणजे एकेकाला उभं करायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

पहिल्या रविवारी चौदा जण आले. तिसऱ्या रविवारी चार, त्यातली एक माझीच मुलगी, तीही आईच्या धाकाने. मी गोल करून बसवलं आणि विचारलं, "प्रभूशी तुमचं नातं कसं आहे?" पंख्याचा आवाज तेवढा येत होता. एक नववीतला मुलगा गीतपुस्तकाच्या आड मोबाईल धरून बसलेला. मी बघतोय हे त्याला कळलं होतं आणि त्याला कळलंय हे मला कळलं होतं.

सभा संपल्यावर बाकीचे पळाले, हा मागे राहिला. घरी जायचं नव्हतं, दुसरं काही नाही. न सांगताच खुर्च्या उचलायला लागला. मी दुसऱ्या बाजूने लागलो. तिसरी चळत अर्धी झाली तेव्हा भिंतीकडे बघतच म्हणाला, "काका, गणितात चाळीसपैकी नऊ आलेत. घरी सांगितलेलं नाही."

अर्धा तास गोलात बसून जे मिळालं नाही, ते असं पाठीमागून आलं. मी "हं" म्हणालो. आयुष्यात वेळेवर गप्प बसलेल्या मोजक्या प्रसंगांपैकी तो एक.

पुढच्या तीन-चार रविवारी खुर्च्यांच्या निमित्ताने बाकीचं कळत गेलं. क्लासला जातो सांगून हा क्लासला जातच नव्हता. ठाण्याला जाऊन कसारा लोकल पकडायची, खिडकी मिळाली तर बसायचं, कसाऱ्याला उतरून एक वडापाव खायचा आणि त्याच गाडीने परत. आठवड्यातून दोनदा. तिकीट काढतोस का, हे माझ्यातल्या रेल्वेवाल्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. "आसनगावनंतर डोंगर लागतात ना," तो म्हणाला, "तिथे डोकं शांत होतं."

आणि मग मी माती खाल्ली. सोमवारी त्याच्या आईला फोन करून सगळं सांगून टाकलं. हेतू चांगला होता वगैरे ठीक आहे, पण त्याला न विचारता, न सांगता केलं. तो यायचा थांबला. पाच महिने. त्याची आई रविवारी उपासनेला एकटी यायची, मला "जय ख्रिस्त" म्हणायची आणि पुढे जायची.

त्या पाच महिन्यांत मी वही बंद केली आणि काही गोष्टी ठरवल्या. नवीन मूल आलं की आता पहिल्याच दिवशी सांगतो: तुझं माझ्यापाशी राहील; पण कुणी तुला इजा करत असेल, तू स्वतःला इजा करणार असशील किंवा दुसऱ्याला, तर मी गप्प बसणार नाही, आणि कुणाला सांगायचं असेल तर आधी तुला सांगेन. यात माझ्या मर्जीचा प्रश्न नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण बालक, आणि लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक. मंडळीची अब्रू वगैरे बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांशी माझं यावरून वाजलेलं आहे, पुन्हा वाजेल. १०९८ हा मुलांचा हेल्पलाइन नंबर हॉलच्या दारामागे मोठ्या अक्षरात लावलाय. आणि एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसायचं नाही. चर्चच्या पायऱ्या, टपरी, प्लॅटफॉर्मवरचा बाक, अशाच जागा. तिथे सगळ्यांना दिसतं, ऐकू मात्र कुणाला येत नाही. आणि दोघांची तोंडं एकाच दिशेला असतात. चौदा-पंधराच्या पोराला डोळ्यात डोळे घालून बोलायला लावणं म्हणजे त्याला साहेबाच्या केबिनमध्ये उभं करणं.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, चोविसाव्या अध्यायात, अम्माऊस गावाच्या वाटेवरचे येशूचे दोन शिष्य आहेत ना, त्यांच्याकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतो. यरुशलेमेहून सुमारे सात मैल, म्हणजे सीएसएमटीहून निघून दादरच्या थोडं पुढे. येशू मागून येऊन त्यांच्याबरोबर चालू लागतो, काय बोलताय म्हणून विचारतो आणि त्याला जे सगळं आधीच माहीत आहे तेच त्यांच्या तोंडून ऐकून घेतो. शास्त्र उलगडतो ते नंतर.

डिसेंबरात नाताळच्या कॅरलच्या फेऱ्या सुरू झाल्या. गिटारवाले तीन, ढोलकीला कुणी नाही. माझ्या मुलीने मला न विचारता त्याला मेसेज टाकला. तो आला. माझ्याकडे न बघता ढोलकी गळ्यात अडकवली. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी, त्यामुळे आमचं सगळं तोंडी. घरोघरी दोन गाणी, केक, चकली, पुढचं घर. साडेअकराच्या सुमारास कन्नमवार नगरातल्या एका बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर गेलो. तिथल्या आजींनी पोरांचं इंग्रजी गाणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता टिळकांचं एक म्हणा."

टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो आपल्या मुंबईतच, आणि ख्रिस्ताला अभंगात, भजनात आणलं. पण गिटारवाल्यांना त्यातलं एकही येईना. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात ढोलकीवर भजनी ठेका सुरू झाला. आजींनी पलंगावर बसूनच पहिली ओळ धरली, आणि हा पठ्ठ्या मान खाली घालून दुसरी ओळ म्हणायला लागला. त्याची आजी म्हणायची म्हणे. माझी मुलगी खंजिरी वाजवायची विसरली.

जिना उतरताना तो माझ्या एक पायरी पुढे होता.

"तुम्ही आईला सांगितलंत."

"हो. चुकलं माझं. आधी तुला सांगायला हवं होतं."

तिसरा मजला गेला, दुसरा गेला. जिन्यातला दिवा बंद होता. खाली मुली पुढच्या घराचा पत्ता शोधत होत्या.

"शनिवारी सुट्टी असते तुम्हाला?" तो म्हणाला.

"दुसऱ्या शनिवारी."

"कसाऱ्याला येता? तिकीट काढून."

गेलो. ठाण्याला चढलो, टिटवाळ्याला खिडकी मिळाली, ती त्याला दिली. वासिंदपर्यंत तो क्रिकेटवर बोलला, मला त्यातलं काही कळत नाही. आसनगाव गेलं, आटगाव गेलं, खर्डी आलं. डोंगर डिसेंबरात पिवळे पडलेले असतात, माझ्या मनात हिरवे होते. कसाऱ्याला त्याने वडापाववाल्याला दोन बोटं दाखवली आणि पैसे मला देऊ दिले नाहीत.